चौथ्या कडव्याचा बबन

संकेश्वरला भाच्याची वरात निघाली होती. मामा म्हणून डोक्याला फेटा, छातीवर गुलाब आणि कानात कापसाचे बोळे अशा थाटात मी डीजेच्या ट्रॅक्टरमागून चाललो होतो. तेवढ्यात फोन थरथरला. बेळगावच्या कॅम्पातला डॉमनिक, आमच्या जुन्या बँडचा ड्रमर. तो काय सांगतोय ते मला कळेना आणि मी काय विचारतोय ते त्याला कळेना. दोघंही नुसते ओरडत होतो. शेवटी त्यानं फोन ठेवला आणि मेसेज पाठवला. ‘बबन गेला. दुपारी. घरातच.’ मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, फेटा काढून मांडीवर ठेवला. वरात पुढं सरकायचं नाव घेईना, तिथंच रिंगण धरून नाचत राहिली. आणि थोड्या वेळानं... डीजेवाल्यानं आमचंच गाणं लावलं. लावणारच होता. बेळगावपासून निपाणीपर्यंत ते वाजल्याशिवाय वरात घरी पोचत नाही. ‘घडी मोडंल कोण रं, घडी मोडंल कोण?’ तीन कडवी झाली, गाणं जिथं खाडकन तुटतं तिथं तुटलं, पोरांनी ठरल्याप्रमाणं हात वर करून आरोळी ठोकली आणि पुढचं भलतंच काहीतरी सुरू झालं. ज्या जागेवर बबन जन्मभर अडकून पडला, ती जागा अशी आरोळीत निघून गेली. अरे, पुढं अजून आहे, असं त्या सगळ्यांना सांगावंसं वाटलं. पण कुणाला सांगणार? मी तसाच पायरीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत बबनचे फोटो आले. एकानं त्याला सीमाभागातल्या रॉकचा जनक केलं, एकानं हातमागाचा गंधर्व केलं, आणि तो बिचारा यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी न चुकता लिहिली, की ते गाणं ज्या ठिकाणी अचानक थांबतं तो थांबा म्हणजे एका प्रतिभावंताचा धाडसी निर्णय होता. बबन हे वाचायला नव्हता हे एका परीनं बरंच झालं. तो निर्णय वगैरे काही नव्हता. गाणं चार कडव्यांचं होतं, त्यातली तीन झाली आणि चौथं राहिलं. ते चौथं कडवं एका माणसाला ऐकवायचं, एवढंच बबनला आयुष्यात करायचं होतं, आणि ते त्याच्या हातून झालं नाही. मला लिहायचंय ते त्या न झालेल्या गोष्टीबद्दल. गंधर्वाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

तो माणूस म्हणजे बबनची थोरली बहीण, गंगूआक्का. बेळगावच्या वडगावात त्यांच्या घरामागं पत्र्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार माग कसेबसे बसतील एवढी खोली, आमच्याकडं त्यालाच कारखाना म्हणतात. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळलेली. माग बंद पडू नयेत म्हणून आक्कानं शाळा सोडली, आणि बबननं कॉलेजात जायचं हेही तिनंच ठरवलं. तिला स्थळं आली. धाकट्याचं शिक्षण होऊ दे मग बघू, असं ती म्हणत राहिली, आणि धाकट्याचं शिक्षण होईतोवर स्थळं यायची बंद झाली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत साड्या विणणाऱ्या या बाईच्या अंगावर मी कधी नवी साडी पाहिली नाही. व्यापाऱ्यानं नापसंत करून परत पाठवलेले नग, कुठं धागा चुकलेला, कुठं काठ सरकलेला, असे ती नेसायची. वडगावात हे कुणाला खटकत नाही, बऱ्याच घरांत चुकलेला मालच बायकांच्या वाट्याला येतो. बबनला खटकायचं. तो बोलून दाखवायचा नाही, पण तिच्या साडीच्या चुकलेल्या धाग्याकडं बघत बसायचा.

मागांच्या आवाजात बोललेलं कानावर येत नाही, म्हणून तिथली माणसं समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. आक्का त्यात पटाईत. खोलीच्या या टोकाला बबन नुसते ओठ हलवायचा आणि त्या टोकाला आक्का एक तर हसायची नाही तर हात उगारायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ही दोघं भांडतायत की मला जेवायला थांबवतायत हेच कळेना. मी टिळकवाडीतल्या वकिलाचा मुलगा. आमच्या घरात कुणी पेला जरा जोरात ठेवला तरी आजोबा चष्म्यावरून बघायचे. आक्कानं माझ्या हातात चहा दिला आणि बबनला ओठांनी काहीतरी विचारलं. काय म्हणाली, असं मी विचारलं तर तो म्हणाला, “ह्यो बारकं तोंड करून का बसलाय, म्हणती.” त्या दिवसापासून मी त्या घरचाच झालो. आक्का मला विनू म्हणायची. विनायक हे नाव तिनं एकदाही वापरलं नाही.

रॉक हे प्रकरण आमच्याकडं कॅम्पातून आलं. डॉमनिकचे वडील लष्कराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, आणि बदली होऊन जाणारे साहेब लोक जाताना आपल्या इंग्रजी रेकॉर्डी त्यांच्याकडं टाकून जायचे. कॉलेज बुडवून आम्ही तिथं पडीक असायचो. पहिल्यांदा त्यातली एक रेकॉर्ड लागली तेव्हा मी कानावर हात ठेवला होता. बबन मात्र स्पीकरला पाठ टेकून बसला आणि रेकॉर्ड संपल्यावर म्हणाला, “ह्यात माग हाय रं.” दुसऱ्या गाण्यांसाठी म्हणे त्याला कान टवकारून बसावं लागायचं, हे पहिलंच असं होतं की जे आपणहून ऐकू आलं. मग मडगावहून एक जुनी गिटार आली, बसच्या टपावरून, गोणपाटात गुंडाळून. मला बेस वाजवायला दिली गेली, कारण तिला तारा कमी असतात आणि माझ्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. नाताळात कॅम्पातल्या नाचांना आम्ही इंग्रजी गाणी वाजवायचो. बबनचं इंग्रजी अस्सल वडगावचं, नाचणारी जोडपी मधेच थांबून एकमेकांकडं बघायची. एकदा सगळं आवरताना डॉमनिकनं त्याला सांगितलं की हे तुझं काम नाही. “तेरे घर में जो बजता है ना, वो बजा.”

बबननं ते शब्दशः घेतलं. आक्काचा माग सगळ्यांत जुना, आणि तो जरा लंगडायचा. दोन ठोके सरळ पडायचे आणि तिसरा किंचित रेंगाळून. डॉमनिक एक डबा पालथा घालून त्या मागाशेजारी बसायचा आणि ते रेंगाळणं हातात बसवायचा. मला ते साधेना, मग आक्कानं माझ्या खांद्यावर चापट मारून मारून ताल शिकवला. गाणं त्या मागातूनच निघालं. नव्या साडीची घडी मोडायला आपण कुणाला तरी मानानं देतो, घरातल्या मोठ्या बाईला, लेकीला, जिवाच्या मैत्रिणीला. तिनं एकदा नेसली की मग ती साडी आपली. बबनच्या गाण्यात साडी विणून होते आणि विणणारा विचारत सुटतो, हिची घडी कोण मोडणार? पहिल्या कडव्यात तो मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याला विचारतो, दुसऱ्यात व्यापाऱ्याला, तिसऱ्यात खुद्द साडीला.

धोटा पळतो हिकडून तिकडं,
काठ हिरवा अन् पदर निळा,
सांग की धोट्या, कुणाच्या अंगा
लागंल पयल्यांदा ह्यो रं मळा?

यमक जुळवायला साडीला मळा केलं म्हणून मी त्याची टर उडवली होती. तर तो म्हणाला, आक्का मळ्यात गेलीया कवा? ती ह्योच मळा राबती.  आणि सगळ्याच्या मागून ती गिटार यायची, धाग्याला पीळ बसत जावा तशी घट्ट घट्ट होत जाणारी. आज माझ्या नातवाच्या वयाची पोरं ती वाजवायला शिकतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, ते सांगायला मला आज लाज वाटत नाही.

चौथ्या कडव्यात उत्तर होतं. सगळी वाद्यं थांबायची, नुसता माग चालत राहायचा आणि त्यावर बबनचा आवाज. त्या कडव्यात आक्काला तो हाक मारून सांगायचा की ही घडी तू मोड. हे कडवं आम्ही वडगावात कधी म्हटलं नाही, त्याची तालीम कॅम्पात डॉमनिकच्या खोलीत व्हायची, टेबलावर बोटांनी माग वाजवून. आक्काला ते टेपवरच ऐकवायचं, तिला समोर बसवून, असं बबननं मनाशी ठरवलं होतं. तोंडानं सांगायला त्याला जमलं नसतं. त्या घरात कुणी कुणाला असलं काही सांगत नसे, जेव म्हणायचे, झोप म्हणायचे, त्यातच सगळं आलं असं धरून चालायचे.

कॅम्पातल्या एका हवालदाराकडं बाहेरच्या देशातला टेपरेकॉर्डर होता, सेलवर चालणारा. तो एका रविवारसाठी मिळाला. बाकीचे तीन माग बंद ठेवले, आक्काचा एकटा चालू. आक्का मागावर उभी, डोळे सुतावर, म्हणजे बबनचे ओठ तिला दिसणार नव्हते, शेजारी डॉमनिक, मी भिंतीला, बबन मधोमध. आता यापुढचं जे आहे ते आम्ही तिघांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता लपवण्यात अर्थ राहिलेला नाही, का ते शेवटी येईल. मागातल्या धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की माग आपोआप थांबतो आणि दुसरी घालावी लागते. भरलेल्या कांडीत आमचं गाणं आरामात बसायचं, तालमीत आम्ही ते पाहिलं होतं. पण विणकराच्या घरात अर्धी राहिलेली कांडी कुणी टाकत नाही. काम सुरू करताना ती आधी घालायची, संपवायची, मग नवी. आक्काच्या हाताला ते वळणच होतं. त्या सकाळी तिनं अर्धीच घातली. तिला भरलेली घाल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगावं लागेल असं बबनच्याही मनात आलं नाही. तिसरं कडवं संपलं, ‘घडी मोडंल कोण?’ झालं आणि माग थांबला. आम्ही सगळे त्या मागाला धरून चालणारे, त्यामुळं डॉमनिकचा हात, माझी बोटं, बबनची तार, सगळं त्याच ठोक्यावर थांबलं. जगातले मोठमोठे बँड महिनोन्‌महिने घासून जे करतात ते अर्ध्या कांडीनं करून ठेवलं. आक्कानं झटक्यात नवी कांडी घातली, माग चालू करायच्या दांडीला हात लावला आणि तेवढ्यात वीज गेली. ती आली संध्याकाळ कलल्यावर. तोपर्यंत हवालदार भरलेली कॅसेट आमच्याकडं ठेवून आपला टेपरेकॉर्डर घेऊन गेला होता आणि त्याच आठवड्यात त्याची बदली होऊन तो वर पंजाबात गेला. त्या संध्याकाळी बबननं आम्हा दोघांना बाहेर बोळात नेलं आणि सांगितलं की लाईट गेली म्हणून गाणं थांबलं. कुणीही विचारलं तरी एवढंच सांगायचं. कांडी संपणं आणि वीज जाणं इतकं लागोपाठ झालं होतं की आक्कालाही तसंच वाटेल, असं त्यानं धरलं होतं. “तिला कळाया नगं,” तो म्हणाला. “आयुष्यभर ती सगळं सोतावर घेतीया.”

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या टेपची एक कॉपी डॉमनिकनं निपाणीच्या एका कॅसेटवाल्याला दिली, त्यानं ती स्टँडवर लावली आणि तिथून ती गावोगावी गेली. तंबाखूच्या गाड्यांत वाजली, बोरगावच्या मागांवर वाजली, संकेश्वरात उसाच्या ट्रॅक्टरांवर वाजली. बेंजोवाल्यांनी घेतली, बँडवाल्यांनी घेतली. सगळ्यांनी तो थांबा जसाच्या तसा घेतला. एका नेत्यानं सीमालढ्यासाठी शब्द बदलून मागितले, पलीकडच्या एका संघटनेनं कन्नडमध्ये मागितलं. बबननं दोघांनाही ‘बघू’ म्हणून वाटेला लावलं, तर दोघांनी आपापलं करून घेतलं. भांडणाऱ्या त्या दोन्ही बाजू गाणं मात्र एकाच जागी थांबवत होत्या. पुढं शहरातल्या शिकलेल्या पोरांनी ते नव्यानं वाजवलं. त्यातला एक तर व्यासपीठावरून म्हणाला की हा थांबा म्हणजे उत्तर देण्याचा नकार आहे, कलावंतानं प्रश्न रसिकांवर सोडलाय. बबन माझ्या शेजारी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसला होता. मला म्हणाला, “उत्तर लिवलंय की मी.” हळू बोलणं त्याला कधी जमलं नाही, मागच्या दोन रांगांनी मान पुढं काढून पाहिलं आणि थोरामोठ्यांचा विनोद म्हणून हसल्या.

गाणं पुरं करून नव्यानं टेप करायचं आणि मगच आक्काला ऐकवायचं, हा त्याचा हट्ट. नुसतं चौथं कडवं तिच्यासमोर म्हटलं असतं तर ती विचारणार, मग हे टेपवर का नाही? आणि तिथून कांडीपर्यंत यायला आक्काला किती वेळ लागला असता? म्हणून आम्ही कोल्हापूरला स्टुडिओत गेलो. तिथं काचेमागचा माणूस म्हणाला की तुमचा ताल लंगडा आहे, सरळ करू. त्यानं सरळ करून दिला. बबननं ते एकदा ऐकलं, गिटार पिशवीत घातली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. माग टेप करून घेऊन जाऊ म्हटलं, तर तोवर आक्काचा माग मोडीत गेला होता आणि नवे माग सरळ चालायचे. डॉमनिकला तो ताल अजून येत होता, पण मागाशिवाय वाजवला की तो स्वतःलाच विचारत बसायचा, बरोबर आहे का रं? चौथ्या कडव्यात तर नुसता मागच हवा. तो आणणार कुठून?

मग एकदा निपाणीला गणपतीत आम्हाला बोलावलं, सत्काराला. बबन म्हणाला, इथंच म्हणू, सगळं म्हणू, कुणी ना कुणी फोनवर टेप करून घेईलच. त्यानं आक्काला बरोबर आणलं, पुढं खुर्चीवर बसवलं. तीन कडवी चांगली झाली. थांब्याला मैदान उसळलं. आरोळ्या, शिट्ट्या, फटाक्यांची माळ. बबननं हात वर करून सगळ्यांना शांत करायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं आणखी ओरडा म्हणतोय. त्यानं चौथं कडवं सुरू केलं. मी दहा हातांवर होतो, मलाच ऐकू आलं नाही. निवेदकानं हारतुरे घेऊन त्याला गाठलं, हार गळ्यात घालताना माईक बाजूला झाला, पेढ्याचा तुकडा तोंडात कोंबला आणि गाणं संपलं. खाली आल्यावर आक्का त्याला म्हणाली की फटाके उडाले तवा धूर लई झाला, काही दिसलं न्हाय. एवढंच. परतीच्या गाडीत संकेश्वर मागं पडलं तेव्हा बबननं गळ्यातला हार काढून खिडकीतून सोडून दिला.

वर्षं गेली तशी एकेक गोष्ट हातातून सुटत गेली. आक्काचे कान गेले. उभा जन्म मागांशेजारी काढल्यावर ते जायचेच होते, घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. टेपवर ऐकवायचं म्हणून जे इतकी वर्षं जपलं ते ऐकायला आता कान नव्हते. बबनला दम्यानं धरलं, त्या खोलीतली सुताची बारीक धूळ अर्धं आयुष्य छातीत साठली होती. आणि ते कडवंही बदलत चाललं. कधी म्हणायचा पहिले शब्द पोरकट होते, आता आक्का म्हातारी झाली, आता हे असं शोभत नाही. कधी दोन ओळी नवीन, कधी चारही. निपाणीच्या तालमीत म्हटलं ते वेगळं होतं, मला दवाखान्यात म्हणून दाखवलं ते आणखी वेगळं. लिहून ठेव म्हटलं की हसायचा. न गायलेलं गाणं कागदावर राहिलं तर लोक वाचतील, आणि आक्काच्या आधी ते कुणी वाचावं, हे त्याला नको होतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, नाकात नळी. आक्का आत स्वयंपाकघरात. मी म्हटलं, बबन्या, तिचे कान गेले पण डोळे शाबूत आहेत. तिच्यासमोर बस आणि नुसते ओठ हलव. चाल नको, माग नको, काही नको. तिला सगळं कळेल. त्यानं नाकातली नळी सरळ केली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “इचारंल... आजवर का न्हाय म्हटलंस. मग काय सांगू?” मी म्हटलं, खरं सांग. त्यानं मान हलवली. “आता मराया टेकलोय आन् तिच्या गळ्यात ही कांडी घालून जाऊ व्हय रं?” आक्का पेज घेऊन बाहेर आली तसा तो गप्प झाला. तिनं त्याचं तोंड पुसलं, मला जेवून जा म्हणाली. मी जेवून गेलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी संकेश्वरला डॉमनिकचा मेसेज आला.

दिवसकार्य होऊन गर्दी ओसरली तेव्हा मी वडगावला गेलो. आक्का मागच्या कारखान्यात बसली होती. माग आता एकही नाही, जमिनीवर त्यांचे पाय रोवलेल्या जागांचे चौकोन तेवढे आहेत. खाली पोतं अंथरून ती तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो.  बाहेर बोळातून कुणीतरी फोनवर आमचं गाणं लावून गेलं. तिनं मान वर केली ती त्या गाण्यानं नव्हे, माझा बदललेला चेहरा बघून.

“लाईट नंतर गेली,” ती म्हणाली.

 ऐकू न येणाऱ्या माणसासारखी ती मोठ्यांदा बोलत होती. “त्या दिशी. कांडी संपली हुती. अर्धी घातलेली म्यां. त्येचं तोंड उघडंच ऱ्हायलं, म्यां बघितलं की. पुढलं म्हणणार हुता त्यो.” तिनं सुपातले खडे उचलून बाजूला टाकले. “मग लाईट लाईट म्हणाया लागला. म्हटलं, राग आलाय, पर बोलत न्हाय. म्हटलं, राग गेला की कवातरी घरात म्हणंल... न्हाय म्हटला.”

म्हणजे ती पहिल्या क्षणापासून सगळं जाणून होती, आणि बबन तिला कळू नये म्हणून जन्मभर गप्प राहिला होता. ती त्या गप्प राहण्याला राग समजत होती. एका छपराखाली, एका ताटातलं जेवून, दोघं चाळीस वर्षं एकमेकांना सांभाळत होती आणि दोघांनाही ते कळलं नाही. मला रडू आलं. ओठ नीट दिसावेत म्हणून मी पुढं सरकलो आणि तिला सांगितलं की राग नव्हता आक्का, ते तुझंच होतं. चौथं कडवं तुझं होतं. घडी तू मोडायची असं त्यात होतं.

तिनं सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. “म्हण की मग,” ती म्हणाली.

मी सुरुवात केली. पहिली ओळ आली, ‘आक्के, घडी तूच मोड गं.’ ती माझ्या ओठांकडं बघत होती. आणि मग पुढं काही येईना. बेस वाजवणाऱ्याचं लक्ष बोटांवर असतं, शब्द त्याच्या शेजारून जातात. आणि त्याहून वाईट म्हणजे ते गाणं मी लग्नांत, वरातीत, रिक्षात इतकं ऐकलंय की माझ्या डोक्यातही ते आता तिथंच थांबतं. निपाणीच्या तालमीतल्या शब्दांतला एक आठवला, दवाखान्यातले दोन आठवले, ते कुठल्या वेळचे, एकमेकांना कसे जोडायचे, काही कळेना. तिला रिकाम्या हाती ठेवायला मन होईना म्हणून मी ते कसेतरी जोडून ओठ हलवत राहिलो. आक्कानं हात वर केला.

“ह्ये तू जुळवायलास,” ती म्हणाली.

मी थांबलो.

“तुला बी येत न्हाय.”

“न्हाय आक्का,” मी म्हणालो.

मग आम्ही तसेच बसलो. मी तोंड मिटलं होतं आणि ती अजून माझ्या ओठांकडं बघत होती.